फिरून राहिला की शिकून राहिला?

*ताई, नमस्कार. माझा मुलगा जर्मनीत ड्रेस्डेनला एम.एस. करतो. तिसरं सेमिस्टर चालू आहे. बावीस लाखांचं शैक्षणिक कर्ज आहे, फ्लॅट तारण ठेवलाय. आमचे हे रेल्वेतून निवृत्त झाले, मोतीबागेला होते. मुलगा दर महिन्या-दीड महिन्याने कुठेतरी जातो. प्राग, व्हिएन्ना, क्राकोव्ह झालं. फोटो आला की ह्यांचं सुरू होतं, "पोरगा शिकून राहिला की फिरून राहिला?" घरच्या ग्रुपवर नणंदबाईंनी लिहिलं, "मजा आहे बाई, कर्ज काढून युरोप!" तेव्हापासून हे मुलाशी धड बोलत नाहीत. सप्टेंबरात त्याने पुस्तकांसाठी पैसे मागितले. मी भिशीतले पंचवीस हजार ह्यांना न सांगता पाठवले. आठ दिवसांनी स्वित्झर्लंडमधला धबधब्यासमोरचा फोटो आला. आता जानेवारीअखेर मित्रांबरोबर लंडनला जायचं म्हणतो, चाळीस हजार मागतोय. म्हणतो, "आई, बाबांना नको सांगू." देऊ का? की फिरणंच बंद कर म्हणून दम देऊ?*
*— एक आई, मनीषनगर, नागपूर*

ताई, चाळीस हजार देऊ नका. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर माझं उत्तर वाचून संपेपर्यंत तुमचं मन पाघळेल आणि तुम्ही बँकेचं ॲप उघडाल.

पण फिरणं बंद कर, असंही सांगू नका. त्याने तो फिरायचा थांबणार नाही, फक्त फोटो टाकायचा थांबेल. मग तो कुठे आहे, कोणाबरोबर आहे, पोचला की नाही, हे तुम्हाला कळायचंच बंद होईल.

नणंदबाईंचं एका वाक्यात उरकते. त्यांना उत्तर देऊ नका, आणि मुलालाही सांगा की घरच्या ग्रुपवर फोटो टाकत जाऊ नको, तुम्हा दोघांना वेगळे पाठव. एवढ्यावर तो विषय मिटतो.

आता फिरण्याच्या खर्चाचं. आपण इथे बसून युरोचे रुपये करतो, शंभराने गुणतो आणि छातीत धस्स होतं. प्राग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टूर कंपनीचं पॅकेज येतं. पण ड्रेस्डेनहून प्राग म्हणजे नागपूरहून अमरावती. अंतर जवळपास तेवढंच, रेल्वेने अडीच तासांच्या आत-बाहेर. बस आधी काढली तर दहा-पंधरा युरोत होते. रात्री हॉस्टेलमध्ये आठ जणांच्या खोलीत एक पलंग, पंचवीस-तीस युरो. पाठीवरच्या पिशवीत घरून नेलेला ब्रेड आणि चीज, बाटलीत नळाचं पाणी. चार्ल्स पुलावर चालायला तिकीट नाही. १३५७ साली बांधायला घेतलेला पूल आहे, आजही फुकट ओलांडता येतो. व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरात उभं राहून बघायची तिकिटं वीस युरोच्या आत मिळतात, त्यासाठी पोरं रांगा लावतात. म्हणजे त्याच्या फोटोत जो राजवाडा दिसतो तो पाठीमागे असतो, खर्च बहुतेक त्या पाठीवरच्या पिशवीएवढाच.

आणि जर्मनीच्या आतल्या आत तर त्याला फार पैसे लागतच नाहीत. तिथल्या बहुतेक विद्यापीठांत सेमिस्टर फीबरोबरच विद्यार्थ्यांचं तिकीट मिळतं. शहरातल्या ट्राम-बस आणि देशभरातल्या रीजनल गाड्या त्यावर चालतात. आयसीई-आयसीसारख्या जलद गाड्यांना मात्र ते चालत नाही. सामान्य माणसाला हेच तिकीट २०२६ साली महिन्याला ६३ युरोला पडतं, विद्यार्थ्यांना बरंच स्वस्तात. ते खिशात असताना रविवारी खोलीत बसून राहणारा मुलगा मला जास्त काळजीत टाकेल.

हे रविवारचं जरा सांगते, कारण इथून ते लक्षात येत नाही. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. किराणा बंद, मॉल बंद. डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो. आपली पोरं शनिवार-रविवार बर्डीवर चक्कर, फुटाळ्यावर भुट्टा, मित्राच्या घरी जेवण, अशा वळणात वाढलेली. तिथे खोलीत एकटं, बाहेर काळोख, शेजारचा दार लावून बसलेला. माझी भाची तिकडे शिकत होती. ती सांगायची की पहिल्या हिवाळ्यात ती रविवारी नुसती ट्राममध्ये बसायची, शेवटच्या थांब्यापर्यंत जायची आणि परत यायची. माणसं दिसावीत म्हणून. तेव्हा मित्रांबरोबर दोन दिवस कुठे जाऊन येणं याला मी चैन म्हणत नाही.

मग काळजी कशाची करायची? अभ्यासाची करायची, पण फोटो मोजून नाही. कॅलेंडर आणि गुणपत्रक मागून.

तिथलं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होतं. वर्ग फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतात आणि त्याला लागूनच परीक्षा. उन्हाळी सेमिस्टरच्या परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये. नाताळची सुटी, मार्च महिना, ऑगस्टची अखेर आणि सप्टेंबर हे फिरायचे दिवस. डिसेंबरात फोटो आला तर खुशाल लाईक करा. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात लंडन? तिथे मात्र माझी भुवई वर गेली. परीक्षा दोन आठवड्यांवर असताना कोणता मित्र लंडनला चाललाय, हे एकदा विचाराच.

गुणपत्रकाचं असं. एका सेमिस्टरला साधारण ३० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. दोन सेमिस्टर संपलीत, म्हणजे ६० च्या आसपास क्रेडिट पदरात हवीत. ४५ असली तरी आभाळ कोसळत नाही, पुष्कळांचा एखादा विषय मागे राहतो. २० असली तर मात्र बसून बोलायला हवं, कारण तिथे बऱ्याच ठिकाणी एका विषयाची परीक्षा तीनदाच देता येते. तिसऱ्यांदा गेलं की त्या अभ्यासक्रमातूनच बाहेर. आपल्याकडच्यासारखं "बॅक राहिली, पुढच्या वर्षी काढू" तिथे वर्षानुवर्षं चालत नाही. आणि हो, गुणपत्रकावर १.७ दिसलं तर घाबरू नका, यजमानांनाही आधीच सांगून ठेवा. तिथे १.० सगळ्यांत चांगला, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास.

मागताना दरडावून मागू नका. "बाबांना दाखवायचंय, पाठव" एवढंच म्हणा. तो चटकन पाठवतो की "पोर्टल बंद आहे" म्हणतो, त्यावरून तुम्हाला निम्मं कळेल.

आता पैसे. तुमच्या पत्रातला खरा दुखरा भाग हा आहे, आणि तो तुम्ही दोन ओळींत उरकलाय.

जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा घेताना ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात. त्यातले महिन्याला ९९२ युरो मुलाच्या हाती येतात. ते भाडं, विमा आणि पोट यांच्यासाठी. तुमच्या कर्जातला मोठा भाग तिकडेच गेला असणार, कारण ड्रेस्डेनसारख्या ठिकाणी सरकारी विद्यापीठात शिक्षणशुल्क जवळपास नसतंच. म्हणजे आज तो खातो-राहतो ते कर्जावर. त्यातून फिरला तर यजमानांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. शिवाय शिक्षण चालू असताना हप्ता नसतो म्हणून आपल्याला कर्ज झोपलंय असं वाटतं. व्याज जागंच असतं. ते भरलं नाही तर पुढे मुदलात चढतं. तुमच्या भिशीच्या पैशाला जर जायचंच असेल, तर त्याला हा रस्ता आहे. दर महिन्याला जमेल तेवढं व्याज भरा, यजमानांना सांगून.

फिरायचे पैसे त्याने कमवायचे. त्याला ते जमण्यासारखं आहे. आपल्याकडून गेलेल्या विद्यार्थ्याला तिथे वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. किमान मजुरी २०२६ च्या जानेवारीपासून तासाला १३.९० युरो आहे. आठ तासांची एक पाळी केली की कपात जाण्याआधी १११ युरो होतात. त्यात प्रागचे दोन दिवस निघतात. गोदामात खोके उचला, कॅन्टीनमध्ये भांडी लावा, विद्यापीठातच प्राध्यापकांच्या हाताखाली काम मिळालं तर उत्तमच. स्वतः उचललेल्या खोक्यांच्या पैशाने गेलेल्या मुलाला लंडन महाग की स्वस्त हे आपोआप समजतं, आईने सांगावं लागत नाही.

आता ते पंचवीस हजार. ताई, जर्मन विद्यापीठात पुस्तकं फारशी विकत घ्यावी लागत नाहीत. ग्रंथालयात मिळतात, प्राध्यापक नोट्स ऑनलाइन ठेवतात. तुमच्या मनातही ते आलंच असणार, म्हणून तर धबधब्याचा फोटो पत्रात आला. मुलगा खोटं बोलला. पण त्याला खोटं बोलायची सोय तुमच्या "ह्यांना न सांगता"मधून मिळाली, हेही तितकंच खरं. तुमच्या घरात सध्या दोन खाती चालू आहेत. एक बाबांना माहीत असलेलं आणि एक आईचं. पोरं फार लवकर ओळखतात की कोणत्या खिडकीवर रांग लहान आहे. "बाबांना नको सांगू" हे वाक्य तो पहिल्यांदा म्हणत नसेल.

म्हणून लंडनच्या उत्तराआधी एक काम करा. यजमानांना त्या पंचवीस हजारांचं सांगा. चहा झाल्यावर, सकाळी, ग्रुप उघडायच्या आधी. ते चिडतील. एक दिवस बोलणार नाहीत. चालेल. नंतर मुलाला फोन करून सांगा, "बाबांना सांगितलंय. यापुढे पैसे मागायचे तर दोघांना मिळून मागायचे." धबधब्याचं उकरून काढू नका, त्याला कळायचं ते कळेल.

यजमानांविषयी मला जे वाटतं ते लिहिते. आयुष्य रेल्वेत काढलेल्या माणसाला फिरण्याचं वावडं असेल, हे मला पटत नाही. पासवर तुम्ही सगळे कुठे कुठे गेला असाल! त्यांना खुपतंय ते असं की कर्जावर सही त्यांची, फ्लॅट त्यांचा, आणि मुलगा कुठे गेला हे त्यांना बहिणीच्या टोमण्यातून कळतं. मुलाने त्यांना कधी काही विचारलंच नाही.

आणि विचारण्यासारखं केवढं आहे! लाइपझिग ते ड्रेस्डेन हा जर्मनीतला पहिला लांब पल्ल्याचा रेल्वेमार्ग, १८३९ साली पूर्ण झाला, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या चौदा वर्षं आधी. ड्रेस्डेनला खेटूनच राडेबॉइल आहे. तिथून मोरित्झबुर्गच्या किल्ल्याकडे १८८४ पासूनची छोटी गाडी जाते, आजही वाफेच्या इंजिनावर. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७५० मिलिमीटर. नागपूर-नागभीड छोट्या लाइनचा ७६२ होता, हे तुमच्या यजमानांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात जी इंजिनं रंग देऊन उभी आहेत, तसल्या गाडीत तुमचा मुलगा ट्रामने जाऊन बसू शकतो. तिथून त्याने बाबांना व्हिडिओ कॉल लावावा. "बाबा, हे काय आहे?" असं विचारावं. मग बघा फोन कितीला ठेवला जातो.

जर्मन गाड्या वेळेवर धावतात हा आपला गोड गैरसमजही मुलाने बाबांपाशी दूर करावा. २०२४ मध्ये त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत. गाडी तासभर लेट झाली तर तिकिटाचे २५ टक्के परत मिळतात, दोन तासांवर ५० टक्के. पोरांनी हे पैसे मागायला शिकलं पाहिजे, बहुतेक जण आळसाने सोडून देतात.

तुम्हीही फोटो बघून "जेवलास का"च्या पुढे विचारत जा. तो रोज ज्या शहरातून जातो तिथे फ्राउएनकिर्शे नावाचं चर्च आहे. फेब्रुवारी १९४५ मधल्या बॉम्बहल्ल्यात ते कोसळलं, पुढे कित्येक वर्षं ढिगारा तसाच पडून होता. १९९४ ला बांधायला घेतलं, २००५ ला पुन्हा उघडलं. ढिगाऱ्यातले काळे पडलेले जुने दगड नव्या पिवळसर भिंतीत जागोजागी बसवलेत, ते लांबूनही ओळखू येतात. वरचा सोनेरी क्रूस एका इंग्रज कारागिराच्या हातचा आहे. त्याचे वडील त्या हल्ल्यातल्या विमानाचे वैमानिक होते. विचारा त्याला, बघितलंस का वर? आणि क्राकोव्हला जाणारा बहुतेक जण औशविट्झची छळछावणीही बघून येतो. तिथले फोटो त्याने टाकले नसतील. गेला होता का, एवढंच विचारा आणि त्याला बोलू द्या. फिरण्यातून तो काय घेऊन आलाय, हे या फोनमधून कळेल.

काही व्यवहाराच्या गोष्टी त्याला नक्की सांगा, आई म्हणून नाही तर कर्जाची भागीदार म्हणून. जर्मनीचं रहिवासी कार्ड असलं की शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या ज्या देशांचा व्हिसा एकच आहे त्यांत, १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, पण कार्डाबरोबर मूळ पासपोर्ट जवळ हवा. मोबाइलमधला फोटो चालत नाही. पॅरिस-रोम-बार्सिलोनाच्या मेट्रोत खिसेकापू आपल्या मुंबईला लाजवतील असे आहेत, तेव्हा पासपोर्ट पाठीवरच्या पिशवीत नको, अंगाशी हवा. ट्राममध्ये विनातिकीट सापडला तर जर्मनीत ६० युरो दंड. युरोपातल्या कुठल्याही देशात तातडीची अडचण आली तर फोन ११२ ला. सव्वीस वर्षांचा व्हायच्या आत पॅरिसचं लूव्र संग्रहालय बघून घ्यायला सांगा, युरोपात राहणाऱ्या त्या वयाच्या मुलांना ते फुकट आहे. रहिवासी कार्ड दाखवायचं.

आणि स्वित्झर्लंडचं एक राहिलंच. त्याच्या आरोग्य विमा कार्डाच्या मागे युरोपियन आरोग्य विमा कार्ड छापलेलं असेल, म्हणून पोरांना वाटतं की सगळीकडे चालतं. भारतीय पासपोर्टवाल्यांना ते स्वित्झर्लंडमध्ये चालत नाही, डेन्मार्कमध्येही नाही. तिथे पाय मुरगळला तरी बिल बघून मुरगळलेला पाय विसरायला होतं. पुढच्या वेळी चार-पाच दिवसांचा प्रवास विमा काढूनच जावं.

लंडन. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, जर्मन कार्डावर जाता येत नाही. वेगळा व्हिसा लागतो आणि अर्ज दिल्यावर साधारण तीन आठवडे धरायचे. म्हणजे जानेवारीअखेरचा बेत त्याने अर्ज अजून केला नसेल तर तसाही बोंबललाय. अर्जाला बँकेचे तपशील जोडावे लागतात, आणि खात्यात अचानक कुठूनतरी मोठी रक्कम आलेली दिसली तर अधिकारी उलट प्रश्न विचारतात. तुमचे चाळीस हजार त्या कामीही आले नसते.

त्याला सांगा, मार्चमध्ये जा. परीक्षा झालेल्या असतील, वर्ग एप्रिलपर्यंत नसतात, आणि तोवर दोन-तीन महिने काम केलं तर तिकिटाचे पैसेही जमतील. गेला की किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरात जाऊन यायला सांगा. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर घेतलं, आता तिथे स्मारक आहे. दीक्षाभूमीच्या गावचा मुलगा लंडनला जाऊन ते न बघता आला तर मी त्याची बाजू घेणार नाही. तिकीट काढण्याआधी रहिवासी कार्डाची मुदत तेवढी बघायला लावा. तिसरं सेमिस्टर म्हणजे ती संपत आलेली असू शकते, आणि ब्रिटनमधून परत जर्मनीत शिरताना तेच कार्ड दाखवायचं असतं.